जहाजाची निगा आणि माणसांचे तास

जहाजांच्या डागडुजीवर बोलावयाचे आम्ही ठरविले, तेव्हा व्याख्यानमालेच्या एका उत्साही कार्यकर्त्याने आम्हांस हसत विचारले, की आपल्या जिल्ह्यात मोठे पाणी म्हणजे येलदरीचे. त्यात होडीहून मोठे काही तरंगत नाही, मग परभणीकरांना हा विषय कशाला? प्रश्न रास्त होता. मुंबई येथून रेल्वेने साडेपाचशे किलोमीटर आहे. परंतु आपल्या स्वयंपाकघरातील पामतेल आणि शेतात पडणारे पोटॅश ही दोन्ही समुद्रावरून येतात, आणि अलीकडे जिल्ह्यातील काही मुलेही जहाजावर नोकरीस जाऊ लागली आहेत. त्यांच्या आईबापांना आपला मुलगा तेथे नक्की काय करतो हे ठाऊक नसते. तो बहुधा दुरुस्ती करीत असतो. म्हणून हा विषय.

आमचे वडील पूर्णेच्या लोकोशेडात फिटर होते. मीटरगेजच्या दिवसांत वाफेचे इंजिन ठराविक दिवसांनी शेडात यावयाचे, विस्तव काढून थंड व्हावयाचे, मग त्याचा बॉयलर धुतला जावयाचा, नळ्या साफ व्हावयाच्या. इंजिन गाडी ओढून थकले की घरी येते आणि घरी त्याची सेवा होते, एवढे आम्हांस लहानपणापासून ठाऊक होते. पुढे सोळा-सतराव्या वर्षी आम्ही मुंबईस गेलो आणि माझगावच्या बाजूला जहाजदुरुस्तीच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. तेथे पहिला धडा मिळाला तो हा, की जहाजाला शेड नाही. त्याचे शेड, त्याचा कारखाना, त्याचे वीजघर आणि त्याचे कारागीर हे सगळे त्याच्याच पोटात असते, आणि ते पोट चालत असतानाच दुरुस्त करावयाचे असते.

समुद्राचे पाणी लोखंड खाते, ही गोष्ट कोरड्या मुलखातील माणसाला पटकन पटत नाही. आपल्याकडे विळा पावसात राहिला तर तांबतो, इतकेच. खाऱ्या पाण्यात लोखंडी पत्रा आणि कांशाचा पंखा शेजारीशेजारी असले, की विजेच्या घटात चालते तशी क्रिया सुरू होते आणि त्यात लोखंड झिजते. यावर तोड म्हणून सुकाणूच्या आणि पंख्याच्या आसपास जस्ताच्या जाड वड्या बसवितात. जस्त लोखंडाच्या आधी झिजावयास तयार असते, म्हणून समुद्र आधी ते खातो आणि लोखंड वाचते. जहाज सुक्या गोदीत घेतले, म्हणजे त्या वड्या चघळलेल्या गुळाच्या खड्यासारख्या दिसतात. आम्ही त्या प्रथम पाहिल्या तेव्हा कोणीतरी रुजू होतानाच मार खाण्याची नोकरी पत्करली आहे असे वाटले होते.

लाकडी जहाजांच्या काळीही हे युद्ध होतेच. कोकणातील मच्छीमार पावसाळ्याच्या तोंडावर होड्या वाळूवर ओढून शाकारतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटतात. म्हणजे समुद्र खवळलेला असतो तेच दिवस त्यांनी निगेसाठी राखून ठेवले. मुंबईची पहिली सुकी गोदी 1750 च्या सुमारास वाडिया घराण्यातील लवजी यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. त्याच घराण्याने मुंबईत सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका 1817 साली पाण्यात उतरली, आणि ती आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर उभी आहे. सागवानाचे कौतुक सगळेच करतात. त्या लाकडावर दोनशे वर्षे किती हात फिरले असतील, त्यांचा हिशेब कोणी मांडीत नाही.

आता व्यापारी जहाजाच्या आतल्या व्यवस्थेकडे येऊ. नियम असा आहे, की जहाजाचा पाण्याखालचा भाग पाच वर्षांत दोनदा तपासला गेला पाहिजे, आणि दोन तपासण्यांत छत्तीस महिन्यांहून अधिक अंतर पडू नये. ही तपासणी वर्गीकरण संस्था करतात. आपल्या देशाची अशी संस्था, इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, 1975 साली मुंबईत स्थापन झाली. मुंबई बंदरातील ह्यूजेस सुकी गोदी 1914 ची, लांबी सुमारे 305 मीटर. तिच्यात जहाज येते, दार बंद होते, पाणी उपसले जाते, आणि एरवी कोणासही न दिसणारे ते प्रचंड पोट उघडे पडते. पण या मोठ्या तपासण्यांच्या मधले जे दिवस, शेकड्यांनी दिवस, त्यांतली निगा कोण करतो?

इंजिनच्या बाजूस ती जबाबदारी चीफ इंजिनियरची. पण रोजचे काम वाटून देणारा तो सेकंड इंजिनियर. सकाळी तो सर्वांना गोळा करतो, कोणी कोणता पंप उघडावयाचा ते सांगतो, आणि बहुधा स्वतःही बाह्या सरसावून उतरतो. त्याच्या हाताखाली आणखी एकदोन इंजिनियर, वीजतंत्री, फिटर, तेलवाले. वर डेकवर चीफ ऑफिसर आणि बोसन. बोसनला आपले जुने खलाशी सारंग म्हणत, त्याच्या खालच्याला टंडेल. रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत हे शब्द आडनावांसारखे चिकटून राहिले आहेत. डेकवरचे काम पाहणाऱ्याला वेडेपणाचे वाटते. हातोडीने गंज ठोकून काढावयाचा, ब्रशाने घासावयाचा, रंगाचे हात मारावयाचे. एका टोकाला पोचेपर्यंत दुसऱ्या टोकाला पुन्हा तांब चढलेली असते.

यंत्राच्या निगेचे गणित एसटीच्या गाडीसारखेच आहे. गाडीचे तेल किलोमीटरवर बदलतात, जहाजाच्या यंत्राची निगा तासांवर होते. प्रत्येक पंपाला, प्रत्येक जनरेटरला तास मोजणारे घड्याळ असते. इतक्या हजार तासांनी इंधनाचा फवारा मारणारी नळी तपासा, इतक्या हजारांनी पिस्टन वर काढा. मोठ्या जहाजाचे इंजिन मिनिटाला शंभराच्या आसपासच फेरे घेते, पण त्याचा एकेक पिस्टन माणसाहून कितीतरी जड. तो उचलावयास इंजिनघराच्या छताला क्रेन बसविलेली असते. इंधन तर डांबरासारखे दाट. ते तापवून पातळ करावे लागते, फिरत्या यंत्रातून गाळावे लागते, तेव्हा ते जळते. या गाळणीकडे दुर्लक्ष झाले तर आतील कचरा थेट सिलिंडरात जातो. याखेरीज काही निगा लक्षणांवर चालते. बेअरिंगचा आवाज बदलला, तेलात धातूचा चुरा सापडला, एका सिलिंडरचा धूर इतरांहून गरम आला, की तास भरण्याची वाट न पाहता ते उघडावयाचे. मानवतच्या जिनिंगमधला जुना मिस्त्री जसा पट्ट्याच्या आवाजावरून दुखणे ओळखतो, तसा कान येथेही लागतो. हा कान संगणकाने दिलेल्या यादीत मिळत नाही, आणि तो तयार होण्यास एकाच जहाजावर काही काळ काढावा लागतो. हल्ली खलाशी काही महिन्यांच्या करारावर येतो, उतरतो, आणि पुढच्या वेळी वेगळ्याच जहाजावर चढतो.

पूर्वी मालाचे जहाज बंदरात आठवडा, दोन आठवडे पडून असे. पोती एकेक करून उतरत. तेवढ्या वेळात आमच्यासारख्या कारखान्यांतील टोळ्या जहाजावर चढत, यंत्रे उघडत, वेल्डिंग करीत, आणि जहाजावरच्या माणसांना गावात हिंडावयास सवड मिळे. पुढे कंटेनर आले. न्हावा शेवा बंदर 1989 साली सुरू झाले, आणि मोठमोठी जहाजे एकदीड दिवसात माल उतरवून, भरून जाऊ लागली. व्यापाराच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. पण जी दुरुस्ती बंदरात, किनाऱ्यावरच्या हातांनी होत असे ती समुद्रात, जहाजावरच्या हातांवर येऊन पडली; आणि ते हात त्याच काळात कमी होत गेले. कोळशाच्या जहाजावर नुसते आगवाले डझनांनी असत. आज तीनशे मीटर लांबीचे जहाज वीस-पंचवीस माणसे चालवितात. किनाऱ्यावर आमच्या टोळ्या मोडल्या आणि समुद्रावर त्यांच्या झोपा मोडल्या, हे दोन्ही एकाच कारणाने झाले, हे समजावयास आम्हांस बरीच वर्षे लागली.

येथे एक आठवण सांगितली पाहिजे. 1991 च्या पावसाळ्यात आम्ही एका जहाजाच्या कामावर होतो. जहाजाचे व ठेकेदाराचे नाव सांगण्यात हशील नाही. नांगराची साखळी जेथे गोळा होऊन पडते त्या पुढच्या खोल खणात एक हेल्पर उतरला. तो आमच्याच वयाचा, मराठवाड्यातलाच. पाचसहा पायऱ्या उतरला आणि हाक न देता खाली गेला. त्याला धरावयास दुसरा उतरला, तोही कोसळला. दोर आमच्या हातांत होता. दुसऱ्याच्या कमरेला तो बांधलेला होता म्हणून त्याला वर ओढता आले. पहिला वाचला नाही.

कारण विषारी वायू नव्हता. आपल्याकडे जुन्या, वापरात नसलेल्या विहिरीत उतरण्याआधी जाणती माणसे कंदील सोडून पाहतात. विझला तर उतरत नाहीत. जहाजाच्या बंद खणात लोखंड गंजत असते, आणि गंजणे म्हणजे हवेतील प्राणवायू खाणेच होय. बाहेरच्या हवेत तो एकवीस टक्के असतो. दहाच्या खाली गेला की माणूस शुद्ध हरपतो, आणि त्याहूनही खाली गेला तर दोनचार श्वासांत पडतो. त्याला गुदमरल्यासारखेही वाटत नाही, म्हणून तो ओरडत नाही. जहाजात कंदील सोडणे मात्र चालत नाही, कारण काही टाक्यांत पेट घेणारा वायू असतो. तेथे मोजणीचे यंत्र लागते, आधी वारा खेळवावा लागतो, आणि दाराशी एक माणूस बसवावा लागतो. हे सगळे त्याही वेळी लिहिलेले होते. त्या दिवशी कोणी केले नव्हते. पण दुसऱ्या दिवशी चौकशीला अधिकारी आले तेव्हा उतरण्याचा परवाना टेबलावर तयार होता; त्यावर वेळ होती सकाळी साडेआठची, मोजणीचे आकडे होते, सही होती. अपघात नऊला झाला होता, आणि साडेआठला तर आम्ही सगळे चहाच्या टपरीवर होतो. आमचे शिक्षण नववीत सुटले. त्यानंतरचे शिक्षण त्या कागदापासून सुरू झाले असे म्हणावयास हरकत नाही.

कागद आणि काम यांतील हे अंतर सगळ्या जगाला छळते. 6 मार्च 1987 रोजी बेल्जियमच्या झेब्रुग बंदरातून ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही प्रवासी बोट पुढचे दार उघडेच ठेवून निघाली आणि थोड्या वेळात कलंडली. 193 माणसे गेली. दार लावणारा खलाशी आपल्या खोलीत झोपला होता, म्हणून आधी सगळे बोट त्याच्याकडे वळले. पण चौकशीत असे दिसले, की दार लागले की नाही हे दाखविणारा दिवा कप्तानापुढे बसवा, अशी मागणी त्या कंपनीच्या कप्तानांनीच पूर्वी केली होती आणि कचेरीने ती उडवून लावली होती. या दुर्घटनेनंतर जो आंतरराष्ट्रीय सुरक्षा व्यवस्थापन नियम आला, तो 1998 पासून प्रवासी बोटी, तेलवाहू जहाजे इत्यादींस आणि 2002 पासून उरलेल्या बहुतेकांस बंधनकारक झाला. त्याचे एक कलम केवळ देखभालीचे आहे. ज्या यंत्राच्या बिघाडाने जहाजच धोक्यात येईल अशी यंत्रे कंपनीने निवडून काढावी, त्यांची चाचणी घ्यावी, आणि बिघाड आढळल्यास तो नोंदवून दूर करावा, असे ते सांगते. शिवाय जहाजावरील कोणासही थेट वरिष्ठांपर्यंत पोचविणारा एक जबाबदार माणूस किनाऱ्यावर असला पाहिजे. आमच्या मते हे कलम फार मोलाचे आहे. त्याने निगेची जबाबदारी तेलवाल्याच्या खांद्यावरून काढून कचेरीच्या दारात नेऊन ठेवली.

तरीही बारीकशी गोष्ट किती दूर पोचते ते पाहा. 26 मार्च 2024 च्या रात्री अमेरिकेत बाल्टिमोर बंदरातून ‘डाली’ नावाचे जहाज निघाले. त्यावरील एकवीस खलाशांपैकी वीस भारतीय होते. पुलाजवळ येताच जहाजाची वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि ते पुलाच्या खांबावर आदळले. पुलावर रात्रपाळीत खड्डे बुजविणारे सहा मजूर मरण पावले. तेही दुरुस्तीचेच कामगार. अमेरिकेच्या तपास मंडळाने नोव्हेंबर 2025 मध्ये निष्कर्ष दिला, की पहिल्यांदा वीज गेली ती एका सैल तारेमुळे. तारेवर नाव लिहिलेली पट्टी अशी बसली होती, की तार आपल्या खाचेत पूर्ण शिरलीच नव्हती. असल्या जहाजात तारा हजारांनी असतात. ती एक तार सापडावयाची तर कोणीतरी वेळ घेऊन, घाई नसताना, प्रत्येक तार ओढून पाहावयास हवी, किंवा तापलेली जागा दाखविणारे यंत्र घेऊन फिरावयास हवे. यादीवर ‘पाहिले’ असे लिहिण्यास मात्र क्षणही लागत नाही.

म्हणून आम्ही संघटनेच्या कामासाठी जहाजावर जातो तेव्हा दोन वह्या मागतो. एक निगेची: कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणी कोणते यंत्र उघडले. दुसरी विश्रांतीची. सागरी कामगार करार 2006 साली झाला, 2013 पासून अंमलात आला, आणि भारताने तो 2015 मध्ये स्वीकारला. त्याप्रमाणे खलाशाला चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांती मिळाली पाहिजे. त्या दहा तासांचे दोनहून अधिक तुकडे करावयाचे नाहीत आणि एक तुकडा तरी सलग सहा तासांचा हवा. या दोन वह्या वेगवेगळ्या कपाटांत असतात आणि वेगवेगळे अधिकारी त्या तपासतात. आम्ही त्या एकाच टेबलावर शेजारीशेजारी उघडतो. आमचे शिक्षण फार नाही, पण दोन आकडे जुळतात की नाही हे पाहण्यास ते पुरते.

काही वर्षांपूर्वी मुंबईत आलेल्या एका जहाजावर असेच झाले. निगेच्या वहीत होते, की मंगळवारी दुपारी बारा ते सहा सेकंड इंजिनियर व एक तेलवाला यांनी समुद्राचे थंड पाणी खेचणारा पंप उघडून बेअरिंग बदलले. विश्रांतीच्या वहीप्रमाणे तेच दोघे त्याच सहा तासांत झोपले होते. दोन्हींवर त्यांच्याच सह्या. आम्ही बोट ठेवून विचारले, तेव्हा सेकंड इंजिनियर कोकणातला, तिशीचा मुलगा, खाली पाहत राहिला. मग आम्हांस बाजूला घेऊन म्हणाला, “काका, झोपेची वही खरी लिहिली तर जहाज अडकेल. कामाची खरी लिहिली तर बेअरिंग बदललेलेच नाही हे दिसेल. सुटा भाग आलाच नाही, मागच्या दोन बंदरांत मागितला. बोलू नका. पुढच्या कराराला मला बोलावणार नाहीत.”

म्हणजे दोन्ही वह्या खोट्या होत्या. तो त्या सहा तासांत झोपलाही नव्हता. दुसऱ्याच एका गळक्या नळीला पट्टी मारीत बसला होता, जिची नोंद कुठेच नव्हती.

आम्ही बोलावे की नाही, हा प्रश्न व्याख्यानात सोपा वाटतो. त्या मुलाच्या डोळ्यांपुढे गावाकडचे घराचे कर्ज होते. आम्ही त्याला सांगितले, की तक्रार तुझ्या नावाने जाणार नाही, दोन वह्यांच्या नावाने जाईल. तशीच ती बंदरावरील अधिकाऱ्यांकडे गेली. त्यांनी पंप उघडावयास लावला. बेअरिंग इतके झिजले होते, की दांडा हाताने हलत होता. जहाज दोन दिवस थांबले. सुटा भाग, जो दोन बंदरांत मिळत नव्हता, तो तिसऱ्या दिवशी सकाळी मोटारीने गोदीच्या दाराशी आला. त्या दुपारी आम्ही पुन्हा जहाजावर गेलो तर तो मुलगा मेसच्या बाकावर बूट न काढताच झोपला होता, आणि स्वयंपाक्याने आम्हांस हळू बोलावयास सांगितले.

पुढच्या कराराला त्या कंपनीने त्याला बोलावले नाही. आठ महिने तो घरी होता. मग दुसरीकडे लागला. अधूनमधून कुठल्या तरी बंदरातून त्याचा फोन येतो. मागच्या खेपेस त्याने सांगितले, की नव्या जहाजावर तो दोन्ही वह्या स्वतःच लिहितो, आणि एका महिन्यात विश्रांतीचे तास तीनदा कमी भरले ते त्याने तसेच लिहून ठेवले आहेत. कचेरीतून अजून कोणी विचारले नाही, असेही म्हणाला.